टँजिअरच्या गेटबाहेर आईचा डबा

आईचा डबा दुपारी घरी उघडला, की त्या दिवशी कमाई नाही. आमच्या घरातलं हिशेबाचं एवढं एकच साधन होतं.

अंबरनाथला नाल्याकाठच्या चाळीत आमची पत्र्याची खोली. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटी कामाला जायची. जायची म्हणजे कंपनीच्या गेटबाहेर उभी राहायची. मुकादम यायचा, उभ्या बायकांवरून नजर फिरवायचा आणि बोट दाखवायचा. तू, तू, ती हिरवी साडी, तू. बोटाखाली आल्या त्या आत, बाकीच्या घरी. आई बुटकी, अंगानं किरकोळ. धक्के देत पुढं घुसणं तिला कधी जमलं नाही. ती मागं भिंतीला टेकून उभी राहायची आणि मुकादमाची नजर बऱ्याचदा तिथपर्यंत पोचायचीच नाही.

मग ती परत यायची आणि डबा आमच्यासमोर ठेवायची. भाकरी आणि सुकटीची चटणी. मी आणि धाकटा भाऊ खूश. आई घरी आणि वर डबा! काम मिळालेल्या दिवशी मात्र ती संध्याकाळी यायची आणि आल्या आल्या रिकामा डबा मोरीत टाकायची. स्टीलचा तो खणकन आवाज झाला, की आज स्टोव्ह पेटणार.

मी बी.एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठंही, कुणालाही सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. आज त्याच एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत लॅब सांभाळते. बदलापूरला, कुळगावात, स्वतःचं घर आहे. आणि गेल्या वर्षी मी आईला जहाजानं फिरायला नेलं. बार्सिलोनाहून निघायचं, भूमध्य समुद्रातली बंदरं बघायची. त्यात एक दिवस आफ्रिकेतलं टँजिअर.

जहाजावर दिवसभर खायला. कधीही जा, काहीही घ्या. तरी आईनं बॅगेतून टॉवेलात गुंडाळून तोच कडीचा डबा आणला होता. टँजिअरच्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावरचे पाव तिनं त्यात भरले, घरून आणलेली सुकटीची चटणी एका कोपऱ्यात ठेवली आणि कडी लावली.

"आई, अगं बसमध्ये जेवण आहे. टूरचे पैसे भरलेत आपण."

"मला त्या बसमध्ये नाही जायचं."

"का?"

"काल पाहिलं ना त्या गावात? तो झेंडेवाला गाईड बसमध्ये चढताना मुंडकी मोजतो, उतरताना मोजतो. सगळी कामाची वर्षं मी मोजून आत गेले आणि मोजून बाहेर आले. आता नाही. इथं मी माझी बाहेर जाणार, माझी गाडी बघणार."

आमच्या टेबलावर मुलुंडच्या एक काकू होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला. "अहो ताई, बाहेर फार फसवतात म्हणे. दोघीच बायका तुम्ही."

"आम्ही उल्हासनगरच्या बाजारात हयात काढलीय," आई म्हणाली. "आम्हाला कोण फसवणार?"

मी कंपनीत ऑडिटरला घाबरत नाही, पण त्या सकाळी थोडी धास्तावले होते. जहाज संध्याकाळी सुटणार होतं आणि उशीर झाला तर ते कुणासाठी थांबत नाही. बसवाल्यांची जबाबदारी जहाजावर, आमची आमच्यावर. पण आईला आफ्रिकेत हा एकच दिवस मिळणार होता आणि तो तिचा झाला नाही, तर मी तिला इथवर आणून काय केलं? मी टूरची तिकिटं पर्समध्ये टाकली आणि तिच्या मागं निघाले.

दिवसभराचा पास दाखवून आम्ही बंदराच्या गेटबाहेर आलो आणि गलका सुरू झाला. "मॅडम! इंडिया! बॉलिवूड! टॅक्सी, टॅक्सी!" टॅक्सीवाल्यांची ही रांग. पुढचे हात हलवत होते, वाट अडवत होते. आई जागच्या जागी थांबली. पाचवारी साडी, खाली स्पोर्ट्स शूज, काखेत डब्याची पिशवी. ती सगळ्यांकडं एकेक करून बघायला लागली.

"आई, चल ना, कुठलीही घे. उशीर होईल."

"मुकादम बराच वेळ घ्यायचा. मला थोडा तर घेऊ दे."

मग ती रांगेच्या कडेनं चालत गेली. बोट तिनं कुणाकडंच दाखवलं नाही. शेवटी भिंतीजवळ एक निळी टॅक्सी होती, अंगावर पिवळा पट्टा. तिला टेकून एक वयस्कर माणूस उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. तो हाका मारत नव्हता. काचेच्या आत, पुढं, फडक्यात बांधलेलं गाठोडं ठेवलेलं होतं.

आई काचेपाशी वाकली. "डबा आणलाय यानं. गाठ सुटलेली नाही. गिऱ्हाईक मिळालं नाही तर हा तसाच घरी जाणार." मग सरळ त्याच्याकडं वळून, "क्यों साईं, घुमाओगे?"

उल्हासनगरला सगळे सिंधी दुकानदार साईं. आईच्या मते जगातले सगळेच.

पुढचा एक पोरगेलासा ड्रायव्हर धावत आला आणि मला इंग्रजीत म्हणाला, "त्याला इंग्रजी येत नाही मॅडम, माझ्याबरोबर चला."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला तरी कुठं येतंय?" आणि दार उघडून बसली. भाडं बोटांवर ठरलं. त्यानं बोटं दाखवली, आईनं त्यातली थोडी मिटली, तो हसला.

सज्जन वगैरे होता तो, पण धंदेवाला होता. पहिल्यांदा त्यानं गाडी थेट गालिच्यांच्या दुकानापुढं उभी केली. आई खाली उतरलीच नाही. "साईं, हे आमच्याकडं पण चालतं. गिऱ्हाईक आणायचं, मालकाकडून चहापाणी घ्यायचं. चला पुढं!" मराठीत. त्याला शब्द कळले नसतील, पण सूर बरोबर कळला. त्यानं कपाळाला हात लावला, मोठ्यानं हसला आणि गाडी काढली.

मग एका चौकात तो थांबला. खेड्यांतून आलेल्या बायका फरशीवर बसल्या होत्या. डोक्यावर लोकरीचे गोंडे लावलेल्या गवती टोप्या, कमरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, पुढ्यात पुदिना, कांद्याची पात आणि पानावर ठेवलेलं पांढरं चीज.

"ह्या तर आपल्या वांगणीहून भाजी घेऊन येणाऱ्या बायका!" आई म्हणाली आणि त्यांच्यात जाऊन उकिडवी बसली. चीज घेतलं, वर पुदिन्याची एक काडी फुकट मागून घेतली. बाईनं तिची साडी चिमटीत धरून बघितली, आईनं तिची टोपी. बराच वेळ दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि मी घड्याळ बघत होते.

दुपारी त्यानं आम्हाला समुद्राच्या कड्यावर नेलं. खडकात कोरलेल्या फार जुन्या कबरी, आता रिकाम्या, काहींत पाणी साचलेलं. गावातली माणसं तिथं पोराबाळांसह बसली होती. समोर निळं पाणी आणि पलीकडं डोंगर.

"ते काय?" आईनं विचारलं.

"स्पेन. युरोप."

"इतकं जवळ? मग इथले लोक जात असतील रोज."

"तसं जाता येत नाही. इकडच्यांना व्हिसा लागतो. तिकडचे मात्र नुसता पासपोर्ट दाखवून येतात."

"म्हणजे गेट आहे म्हण की," आई म्हणाली आणि खडकावर बसली. पिशवीतून डबा काढला. ड्रायव्हर लांब गाडीपाशी उभा होता. आईनं हाक मारली, "ओ साईं! या इकडं! तुमचा डबा पण आणा!" आणि तो येईपर्यंत हात हलवत राहिली.

त्यानं गाठ सोडली. गोल पाव, ऑलिव्ह, तळलेले मासे.

"अगं, ही तर तारली!" आई ओरडली. तिनं तुकडा मोडला, आपली चटणी त्याच्या पावावर ठेवली. त्यानं खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, खोकला, आणि पुन्हा पाव पुढं केला. चीज तिघांत संपलं.

"आई, वेळ होत आलीय."

"जेवू दे त्याला पोटभर. सुट्टीचा भोंगा वाजल्यावर धावायचे दिवस गेले आता."

परतताना बाजारात गाड्या अडकल्या. मी मनातल्या मनात जहाजाला हात दाखवून थांबवत होते. त्यानं खाली उतरून एका हातगाडीवाल्याशी भांडून रस्ता काढला आणि जहाजाच्या बसच्याही आधी आम्हाला गेटवर सोडलं. आई उतरली, हात जोडून "जय भीम" म्हणाली. त्यानं छातीवर हात ठेवला.

रात्रीच्या जेवणाला काकूंनी विचारलं, "गेलात बाई दोघीच?"

"दोघी कुठं? तिघं होतो. तुम्ही काय पाहिलं?"

"उंट पाहिले. आणि गालिच्यांचं दुकान. फार वेळ गेला तिथं."

"आम्ही पण पाहिलं ते," आई म्हणाली. "गाडीतून."

भावाला मी फोटो पाठवले होते. त्याचा फोन आला. "आई, अख्ख्या रांगेत टॅक्सीसुद्धा निळीच निवडलीस का गं?"

"मग काय तर!" आई म्हणाली. पण खरं काय पाहून निवडली, ते तिनं त्याला सांगितलं नाही. फोन ठेवला आणि डबा घेऊन खोलीतल्या बाथरूममध्ये गेली. बेसिनमध्ये स्टील वाजलं, खणकन.

माझी आई आफ्रिकेत जाऊन आली. तिथं गाडी तिनं निवडली, डबा बाहेर उघडला आणि रिकामा करून आणला. तिकीट मी काढलं होतं, माझ्या पगारातून.