नकाशातलं गालबोट

माझ्या बाबांनी आयुष्यभर बसल्या जागी रस्ते काढले. ते एका नकाशाच्या कंपनीत होते. उतरतं टेबल, त्यावर ताणून बसवलेला ट्रेसिंग पेपर, शाईचं बारीक पेन आणि पेनाच्या टोकापासून वीतभर अंतरावर बाबांचं नाक. ज्या गावांना ते कधी गेले नाहीत तिथली गल्लीबोळं त्यांना पाठ होती. "आणि स्वतःच्या घराचा रस्ता तेवढा मला विचारतात," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. गेल्या वर्षापासून बाबा खरंच रस्ता चुकायला लागले आणि आईनं ती थट्टा सोडून दिली.

चुकले म्हणून ते घाबरेघुबरे होत नसत. एखाद्या चौकात शांत उभे असायचे. समोरच्या रस्त्याची शाई अजून ओली आहे, वाळली की निघू, असा चेहरा. एकदा ब्रेड आणायला गेले ते अडीच तासांनी एका पोस्टमनचा हात धरून परत आले. ब्रेड नव्हता, पण पोस्टमनच्या मुलीचं शिक्षण कुठवर आलंय ते सगळं त्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर म्हणाले, "फिरणं बंद करू नका. ते बंद केलंत तर बाकीचंही हळूहळू बंद होईल. फक्त परत यायची काहीतरी सोय बघा."

मोबाईलशी बाबांचं जमत नाही. त्यांचं बोट थरथरतं. काचेवर टेकलं की तीन गोष्टी उघडतात आणि चौथी म्हणून मला फोन लागतो. "बटण दाबलं की ते बोटाला कळलं पाहिजे," हे त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. म्हणून मी डोंगर चढणारे लोक वापरतात तसलं हातात धरायचं जीपीएस घ्यायचं ठरवलं. मुठीत मावणारं, रबरी कडांचं, पाच बटणांचं. एक बटण 'घर' म्हणून ठरवून ठेवायचं. ते दाबलं की पडद्यावर बाण येतो आणि सगळ्यात जवळच्या रस्त्यानं घरी आणतो.

दुकानदार म्हणाला, "ताई, यंत्र रिकामं येतं. नकाशा आपण घालायचा. एक फुकटचा आहे, एक विकतचा. सांगा, कुठला घालू?"

मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. पहिली काच बरी की दुसरी, हे दिवसातून शंभरदा मी लोकांना विचारते आणि त्यांना उत्तर देता आलं नाही की मनातल्या मनात वैतागते. आता मला कुणी विचारलं तर माझीही तीच गत.

"फुकटचा कुणी काढलाय?" बाबांनी विचारलं.

"लोकांनी, काका. स्वतः चालतात, दिसेल ते भरतात. चूक सापडली तर कुणीही दुरुस्त करतं."

"कुणीही? म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा."

"पण फुकट ते पौष्टिक," मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते विकतच्या नकाशाच्या पाकिटाकडे टक लावून बघत होते. पाकिटावर आमच्याच शहराचा तुकडा छापला होता, कालवा जिथं वळतो तिथला.

"हे वळण माझं आहे," ते म्हणाले.

त्यांची कंपनी मधल्या काळात दोनदा विकली गेली होती, नाव बदललं होतं, पण जुने कागद तसेच पुढे गेले होते. दुकानदारानं हसून सांगितलं, दहा दिवस वापरून बघा, नाही पटला तर कार्ड परत आणा. बाबा त्या दिवशी घरापर्यंत यंत्र छातीशी धरून चालत आले. आईनं मान वर करून बघितलं आणि परत शिलाई मशीनवर वाकली. ती पडदे शिवते. बाबांच्या नव्या वेडांना ती पडद्याच्या आडूनच भेटते.

पहिले पाच दिवस छान गेले. बाबा चारला निघायचे, सहाला दारात हजर. सहाव्या दिवशी सहा वाजले, साडेसहा झाले. आईचा फोन आला तशी मी दुकानातून सुटले ती घरी न जाता थेट कालव्याच्या काठानं निघाले. हवेत धुकं उतरत होतं, पाणी कुठं संपतं आणि काठ कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याची लांबलचक भिंत लागली आणि त्या भिंतीसमोर बाबा उभे दिसले. एका हातात यंत्र, दुसऱ्या हाताचा पंजा विटांवर टेकलेला.

"इथून सरळ जा म्हणतंय," ते म्हणाले. दीड तास ते तिथं उभे होते.

मी पडद्यावर पाहिलं. भिंतीच्या आरपार एक गल्ली दाखवली होती, थेट आमच्या रस्त्याला जाऊन मिळणारी. सगळ्यात जवळची वाट तीच, म्हणून बाण तिकडेच बोट दाखवत बसला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पैसे मोजून घेतात आणि नसलेली गल्ली दाखवतात. उद्याच्या उद्या परत करते."

"करू नकोस," बाबा म्हणाले. "ती गल्ली मी काढलीय."

मग तिथंच, कालव्याच्या कठड्यावर टेकून, त्यांनी मला ते सांगितलं. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारा माणूस एकेक तपशील सावकाश ठेवत गेला. नकाशे चोरीला जायचे. दुसऱ्या कंपन्या तसेच्या तसे उतरवून घ्यायच्या आणि आम्हीच मोजणी केली म्हणायच्या. म्हणून प्रत्येक कागदावर एक लहानसं खोटं घालायची रीत होती. नसलेलं तळं, नसलेला बोळ. तेच खोटं दुसऱ्याच्या नकाशात सापडलं की चोर पकडला. ऑफिसात त्या खोट्याला गालबोट म्हणत. कागद पुरा झाला की साहेब विचारायचे, "गालबोट लावलंत ना?"

"या कागदावर मी ही गल्ली घातली. चिमणी गल्ली. साहेबांना वाटलं, कारखान्याच्या चिमणीवरून. मागं धुराडं होतंच. सही करून मोकळे झाले."

"मग कशावरून?"

"तुझ्या आधी एक होती. अकरा दिवस. नाव ठेवायचं राहून गेलं. तुझी आई तिला चिमणी म्हणायची."

माझ्या आधी कुणीतरी होतं एवढं मला मावशीकडून कळलं होतं, पंधराव्या वर्षी, आणि आईला विचारायचं नाही अशी शपथ घालूनच. आमच्या घरात तो विषय कधीच निघाला नाही. मला वाटायचं, बाबा विसरले असतील. पुरुषांचं काय, असंही वाटायचं. त्या संध्याकाळी मला त्या विचाराची लाज वाटली आणि मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. बाबा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी का रडतेय हे त्यांच्या लक्षात होतं की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन जीपीएसच्या दुकानात गेले आणि फुकटचा नकाशा उघडून पाहिला. कारखान्याची भिंत होती, भिंतीमागं मोकळी जागा होती, आणि गल्ली नव्हती. कुणीतरी खरोखर तिथं चालत जाऊन पाहून आलं होतं.

"त्यात ती नाही," बाबा म्हणाले. "मला तो नको."

"बाबा, ती तुम्हाला भिंतीशी नेऊन उभं करते. उद्या कालव्यात नेऊन घालेल."

"घालू दे."

इकडे आड, तिकडे विहीर. विकतचा ठेवावा तर एक दिवस माणूस जायचा, फुकटचा घ्यावा तर ज्या एका जागी त्यांनी मुलीला जपून ठेवलं होतं ती जागा मी माझ्या हातानं पुसायची. दहा दिवसांतले तीन उरले होते. मी दुकानदाराला विचारलं, फुकटच्या नकाशात आपल्याला गल्ली घालता येते का?

"येते की. पण ती तिथं असायला हवी, ताई. नाहीतर कुणीतरी जाऊन बघतं आणि काढून टाकतं. आणि नाव लोक घेतात तेच लिहायचं. आपल्याला आवडतं म्हणून नाही."

मी कार्ड परत केलं. फुकटचा नकाशा घातला. बाबा माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. ताटावर बसले की माझ्याकडे पाठ. मीही त्यांचीच मुलगी. तोंड मिटून कामाला लागले. कार्ड परत करण्याआधी ती गल्ली कागदावर उतरवून घेतली होती, ती घेऊन मी सकाळी सहाला भिंतीपाशी गेले. बाबा उभे होते तिथून चाळीसेक पावलांवर भिंत ढासळली होती आणि झुडपांनी ते भगदाड झाकलं होतं. मी कोयत्यानं झुडपं तोडली. आत कारखाना उरलाच नव्हता. पाडून कित्येक वर्षं झाली होती. गुडघाभर गवत, दव, आणि पलीकडे आमच्या रस्त्यावरच्या लॉन्ड्रीची मागची बाजू. जागेचं भांडण कोर्टात होतं, म्हणजे जागा कुणाचीच नव्हती.

वाट लागायला एक मिनिट पुरतं. वाट पडायला किती दिवस लागतात ते मला त्या महिन्यात कळलं. मी रोज सकाळी त्या गवतातून दहा फेऱ्या घालायची आणि मग दुकानात जायची. बुटांना गवताचं बी चिकटलेलं, गिऱ्हाईक खाली बघून हसायचं. चौथ्या दिवशी मागं पावलं वाजली. बाबा होते. आईला सांगून, आमच्या रस्त्याच्या बाजूनं, लॉन्ड्रीमागून आले होते.

"तू वाकडी चालतेस," ते म्हणाले. तीन दिवसांनंतरचे पहिले शब्द. "भगदाडापासून चार पावलं सोडलीस की उजवीकडे घे. गल्ली तिथून आहे."

तेव्हापासून आम्ही दोघं. बाबा पुढं, मी मागं. धुक्यात पुढची पाठ दिसेनाशी व्हायची आणि मग पुन्हा उमटायची. त्यांचं पाऊल कधी चुकलं नाही. माझं लहानपण परत आल्यासारखं वाटायचं, आणि कधी कधी वाटायचं, आम्ही दोघंच नाही आहोत. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात लॉन्ड्रीतल्या बायकांना वाट सापडली. त्यांचा बसथांबा कालव्यापलीकडे. कारखान्याला वळसा घालून वीस मिनिटं जायची, इथून सहा. एकीनं बाबांना विचारलं, "या वाटेला काय म्हणतात, आजोबा?"

"चिमणी गल्ली."

"का?"

"इथं चिमणी होती," बाबा म्हणाले. तिला पटलं.

आणि मग एक दिवस दुकानात एक अनोळखी बाई नंबर काढायला आली. मी पत्ता लिहून घेत होते. ती म्हणाली, "चिमणी गल्ली माहितेय? तिच्या तोंडाशीच." माझं पेन कागदावरच थांबलं. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, पत्ता चांगला आहे."

त्या रात्रीच मी ती नकाशात घातली. तीन दिवस जीव टांगणीला. चौथ्या दिवशी बदल दिसला. कुणा अनोळखी माणसानं रस्त्याचा प्रकार बदलून 'पायवाट' केला होता, भगदाडापाशी 'सायकल उचलून न्यावी लागते' असं लिहिलं होतं. नावाला हात लावला नव्हता.

आता बाण बाबांना त्या वाटेनं घरी आणतो. ते सहाला दारात असतात. पण मला हेही दिसतं की बाकीचं जातंय. परवा त्यांनी मला माझं दुकान कुठं आहे ते विचारलं.

आईला आम्ही सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं तेच कळत नव्हतं. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती स्वतःच मशीनवरून उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "रोज बाप-लेक कुठं उंडारता ते बघू तरी." कालव्याच्या काठी पोचलो. बाबांनी 'घर'चं बटण दाबलं. भगदाडापाशी ते थांबले, पडदा डोळ्यांजवळ नेऊन वाचला, आणि आईकडे वळले.

"अगं, इथं चिमणी लिहिलंय. चिमणी कोण?"

ते नाटक करत नव्हते. डोळे अगदी मोकळे होते.

आईनं यंत्र हातात घेतलं. चष्मा वर करून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली, आणि तिला सगळं कळलं. कुणी काढलं, कधी काढलं. "मला वाटायचं, माझी मलाच आठवते," ती म्हणाली. एवढंच, आणि खूप हळू. पदरानं तोंड पुसलं.

"कोण गं?" बाबांनी परत विचारलं.

"आपली मुलगी. पहिली."

"हो? मग सांग की."

चाळीस वर्षांत जिनं तो शब्द उच्चारला नव्हता तिनं बाबांचा हात धरला आणि भिंतीतून आत जात सांगायला सुरुवात केली. केस किती होते. कुणावर गेली होती. दूध पिताना मूठ कशी वळायची. मी मुद्दाम मागं राहिले.

आता ती रोज त्यांच्याबरोबर जाते. रोज भगदाडापाशी बाबा पडद्यावरचं नाव वाचतात आणि विचारतात, चिमणी कोण. आई सांगते, घर येईपर्यंत.