ढोलीतली जागा

वन्यजीव केंद्रातले सुतारकाका पॉसमसाठी लाकडी खोकी बनवायचे. पॉसम म्हणजे मांजराएवढा, पोटावरच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी. दिवसभर झाडाच्या ढोलीत झोपतो. जुनी झाडं गेली, ढोल्या उरल्या नाहीत, म्हणून ही खोकी झाडांवर बांधायची.

जिथे ढोल्या कमी, तिथे पिशव्यांत नर पिल्लं जास्त सापडत. काकांनी कारण विचारलं, तेव्हा आम्ही, तिथल्या अभ्यासकांनी, सांगितलं, की मुलगे मोठे होऊन लांब निघून जातात. मुली आईजवळच राहतात आणि त्याच ढोल्यांवर हक्क सांगतात. म्हणून टंचाईत आईला मुलगे परवडतात. हे गर्भ राहतानाच ठरतं की नंतर, ते आम्हांलाही नक्की माहीत नव्हतं.

काकांना ही गोष्ट फार आवडली. केंद्र बघायला येणाऱ्यांना ते रंगवून सांगू लागले.

त्यांची लेक नवरा सोडून माहेरी आली होती, एका खोलीच्या घरात. एका दुपारी ती डबा घेऊन आली, तेव्हा काका पाहुण्यांना सांगत होते, "पोरगा जातो निघून, सुटली कटकट. पोरगी बसते उरावर, जागा अडवून."

पाहुणे हसले. काकाही हसले. मग त्यांना रंध्याशेजारी ठेवलेला डबा दिसला. लेक निघून गेली होती.

संध्याकाळी ती भांडी घासता घासता म्हणाली, "बाबा, मैत्रिणीकडे खोली रिकामी आहे. उद्या बघून येते."

"अगं, ते पॉसमचं चाललं होतं."

"मी कुठे काय म्हटलं?"

"चार माणसं ऐकायला मिळाली की यांच्या जिभेला हाड राहत नाही," काकू म्हणाल्या. मुलगा दूर गेल्यापासून त्यांचे गुडघे लेकच चेपत होती.

सकाळी काका केंद्रात आले ते उरलेलं प्लायवूड मागायला. कशाला हवंय, हे सांगताना नजर वर झाली नाही. दुपारपर्यंत घरात खिडकीच्या बाजूला आडोसा उभा राहिला, त्याला छोटं दारही.

लेकीने दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं.

"बाबा, कडी बाहेरून बसवलीत."

खोक्यांना ती बाहेरूनच असते, पिल्लं तपासायला. सवयीने हात तसाच चालला होता.

"आतून हवी," ती म्हणाली. "मी काही पॉसम नाही."

काका पेचकस घेऊन खाली बसले. कान लाल झाले होते. शेवटचा स्क्रू निघेपर्यंत ती दार धरून उभी राहिली.