बाबांनी मला अर्थ विचारला तेव्हा

हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते नका विचारू. आणि मी सांगते त्यावर लगेच विश्वासही ठेवू नका. स्वतःची बाजू सावरून बोलायची मला जुनी सवय आहे.

भांडुपला आमच्या चाळीत मॅट्रिक झालेली मुलगी मी एकटीच. औषधाची बाटली, तार, रेशन ऑफिसचा कागद — इंग्रजी काही आलं की लोक माझ्याकडे यायचे. मी सांगेन तो अर्थ. उलटून विचारणार कोण? धाकटी नंदा नववीत नापास झाली आणि कांजूरमार्गला एका कंपनीत पॅकिंगला लागली. बाबांची गिरणी बंद पडलेली, घर तिच्या पगारावर चालायचं. हळूहळू बाबा सगळं तिलाच विचारायला लागले. माझा जळफळाट व्हायचा — हो, जळफळाटच.

मग मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. नवी चप्पल कुठून आली? पावडर कोणासाठी? भांडी घासताना एकटीच का हसते? बाबांच्या कानावर हे सगळं मीच घालायचे, जाता-येता, सहज बोलल्यासारखं.

एकदा सुट्टीच्या दिवशी, नंदा बाहेर गेलेली असताना, खालच्या वाण्याच्या फोनवर तिच्या सुपरवायझरचा निरोप आला. फोन बाबांनी घेतला. तो म्हणाला, “नंदा डार्लिंगको बोलो, कल जल्दी आना.” बाबा जिना चढून तडक माझ्याकडे आले.

“बाय, तू शिकलेली. डार्लिंग म्हणजे काय, ता सांग गो.”

काय सांगायला हवं होतं मी? त्या माणसाला मी पाहिलं होतं — नंदाचा विसरलेला डबा द्यायला गेले होते तेव्हा. पिकलेले केस, गळ्यात क्रूस. झाडूवाल्या मावशीला डार्लिंग, चहावाल्या म्हाताऱ्याला डार्लिंग. मलाही नंदासमोरच म्हणाला, “थँक्यू, डार्लिंग.” आपण कुणालाही बाय म्हणतो, बाळा म्हणतो, तसंच ते. मला ठाऊक होतं.

“नवरा बायकोला म्हणतो ते,” मी म्हणाले.

संध्याकाळी नंदा आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. काय झालंय हे कळल्यावर ती रडत माझ्याकडे वळली. “ताई, तू सांग ना गं यांना! तुला पण म्हणाले होते ना ते?”

“मला?” मी म्हणाले. “मला कशाला म्हणतील?”

नोकरी त्याच दिवशी सुटली. पुढे घरात खायचं काय, हेही बाबांनी पाहिलं नाही. मे महिन्यात गावाकडच्या एका बिजवराशी तिचं लग्न लावून दिलं. तिने मला पुन्हा कधीच काही विचारलं नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की मलाही तेव्हा संशयच आला होता — थोरली बहीण, काळजी वाटणारच. ती चप्पल, ती पावडर, ते हसणं, आठवून आठवून पुरावे जमवत बसले. खोटं आहे ते. संशय बाबांना होता. माझी तर खात्री होती, की नंदाने काहीही केलेलं नाही.