उजेड कमीच राहू दे

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा सांगायला जातो. पेशाने ऑटो इलेक्ट्रिशियन. दिवा उगाच लागत नाही, उगाच विझतही नाही... कुठेतरी वायर सुटलेली असते आणि शोधली की सापडते. एवढ्या वर्षांत एकच काम असं झालं, ज्यात काही सापडलं नाही. तेच लिहितोय.

नव्वदच्या दशकाचा शेवट. वसई पूर्वेला, सातिवलीत माझा गाळा होता. उमेळ्याचे पास्कूकाका आपली जुनी, परदेशी बनावटीची गाडी घेऊन आले. सेकंडहँड घेतलेली.

"डॅशबोर्डचा उजेड कमी होत नाही," काका म्हणाले. "मागच्या मेकॅनिकने डिमर डायरेक्ट करून टाकलाय, सतत फुल. मला कमी पायजे. एकदम कमी."

तक्रार नेहमीचीच. मीटरचे दिवे मोठे असले की समोरच्या काचेत प्रतिबिंब पडतं, अंधारात रस्ता नीट दिसत नाही. काकांना तर आठवड्यातून तीनदा पहाटेच निघावं लागे — काकूंना डायलिसिसला मुंबईला न्यायला. साखरेने काकूंची नजरही गेली होती. "दुपारी या," मी म्हटलं.

उजेड कमी-जास्त करणारा डिमर म्हणजे तारेचं एक वेटोळं आणि त्यावरून सरकणारी पत्ती. गंज चढला होता. पॉलिश पेपर मारला, पत्ती घट्ट केली, परत बसवला. दिवसाउजेडी मीटरचे दिवे कळत नाहीत, म्हणून शटर पूर्ण खाली ओढलं आणि ड्रायव्हर सीटवर बसून पार्किंग लाइट लावली. बटण हळूहळू फिरवलं. समोरच्या काचेत हिरवट उजेड उमटला, माझा चेहरा... आणि मागच्या सीटवर एक बाई.

मान वळवली. सीट रिकामी. काचेत पाहिलं — होती. केस चापून बसवलेले, मान खाली. सीट कव्हरची घडी असेल म्हणून उजेड थोडा वाढवला, तर ती पुढे सरकली.

मी बटण उलटं फिरवायला गेलो. जाम नव्हतं हो ते... माझ्या बोटांखाली आपणहून दुसऱ्या बाजूला फिरत होतं. उजेड वाढत गेला. तिचं डोकं माझ्या खांद्यापाशी आलं. ती चेहरा वर उचलायला लागली तेव्हा मी डोळे मिटले, डॅशबोर्डखाली हात घातला आणि लागतील त्या वायरी ओढून काढल्या.

अंधार. आणि त्या अंधारात मागच्या सीटची स्प्रिंग करकरली — कोणीतरी मागे रेलून बसावं तशी.

शटर कसं उचललं ते आठवत नाही. बाहेर टळटळीत ऊन, शेजारच्या गाळ्यात मशीनची खटखट, आणि माझे दात वाजत होते.

काका आले. लोंबणाऱ्या वायरी पाहिल्या, मग माझं तोंड पाहिलं. मी एक शब्द बोललो नव्हतो.

"दिसली?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण आहे ती?"

"ठाऊक नाही कोन. गाडी घेतली तेव्हापासून आहे. उजेड कमी असला की मागेच बसते. वाढला की पुढे येते. काल खाडीपुलावर माझ्या कानाशी होती... डॅशबोर्डवर टॉवेल टाकून घर गाठलं."

"मग दिवेच काढून टाकतो!"

"नको रे. ती कुठे बसलीय ते मग कसं कळनार?"

"आणि काकू?"

काका खाली बघायला लागले. "सिसिल मागेच बसते. तिला दिसत नाही ना... मला विचारते, 'तुमी रोज कोनाला गाडीत घेता? बाई बोलत नाही बिचारी, पन माझा हात धरून बसते. हात फार गार आहे तिचा.'"

शटर सताड उघडं ठेवून आणि काकांना शेजारी बसवून मी काम पुरं केलं. ते रोजरीचे मणी ओढत होते. डिमर काढून टाकला, मध्ये रेझिस्टन्स टाकून उजेड मंदच राहील, वाढूच शकणार नाही असं पक्कं कनेक्शन दिलं.

पावसाळा सरता सरता काकू गेल्या. मयताला मी गेलो होतो. पंधराएक दिवसांनी काका गाडी घेऊन दारात उभे.

"डिमर परत बसव. फुल होईल असा."

"का, काका?"

"आता मागे दोघी दिसतात."

"उजेड वाढवला आणि ती अनोळखी बाई आधी पुढे आली तर?"

"येऊ दे," काका म्हणाले. "सिसिलचा हात अजून तिच्या हातात आहे. सोडवायला नको?"

मी नाही म्हणालो. हात जोडले. काका गाडी घेऊन निघून गेले. काम दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं असावं, कारण आठवड्यानंतर एका सकाळी ते मिठागरांच्या रस्त्याला गाडीत बसलेले सापडले. गाडी नीट कडेला लावलेली, डॅशबोर्डचा उजेड फुल केलेला. जिवंत होते, पण नजर काचेवरून हलत नव्हती.

महिन्याभराने भेटायला गेलो. ओसरीवर बसले होते. मला ओळखलं, चहा पाजला. निघताना न राहवून विचारलं, "काका, त्या दिवशी काय झालं?"

त्यांनी माझा रिकामा कप उचलला. मग म्हणाले, "सुटली."

दोघींपैकी कोण, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती, तिकडे मी बघितलंही नाही. बंद गाळ्यात भास झाला असेल, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. पण मी काहीच बोललो नसताना काकांनी "दिसली?" असं का विचारलं?