चाचींच्या फळीवरची बाटली

१९४४ सालच्या डिसेंबरातला राहात्याच्या बाजाराचा दिवस. रक्कम तीन रुपये दोन आणे. हजर माणसं तिघं: मी, माझी पत्नी सुशीला आणि शेजारच्या हमीदाचाची. जागा चाचींचं अंगण. मी पैसे पुढे केले आणि चाचींनी ते घेतले नाहीत. त्या पैशांचं पुढे काय झालं ते सांगायचं, तर आधी चाची कोण होत्या ते सांगायला हवं.

चाचींना दुसऱ्याच्या ताटात डोकावायची सवय होती. त्यांचे मालक रसूलभाई बागवान भाजी आणि फळं घेऊन नगरच्या बाजारात जात. आमच्या आणि त्यांच्या घरात एक मातीची भिंत. दुपारी जेवायच्या वेळी चाची आळीतून निघत आणि प्रत्येक उघड्या दाराशी थांबून विचारत, "आज हिरवं काय हाय ताटात?" उत्तर आलं नाही, तर थोड्या वेळानं माठाची नाहीतर मुळ्याच्या पाल्याची जुडी त्या घराच्या ओट्यावर येऊन पडे. एकदा मी म्हणालो, "चाची, आम्ही मुळा खातो, पाला कशाला?"

"पाला ढोरापुढं टाकता न्हवं? मग ढोराकडं बघा आन आरशात बघा," त्या म्हणाल्या. "कोन ठणठणीत हाय ते तुमीच सांगा, मुनीमभाऊ."

मी गुळाच्या आडतीवर हिशेब लिहीत असे, म्हणून मी मुनीमभाऊ. लढाईमुळे साखर कार्डावर आली तेव्हा सगळी आळी हळहळत होती. चाची मात्र म्हणाल्या, "साखर न्हाई म्हनून कोन मेलं न्हाई. गूळ हाय. आपला मुनीम तर गुळातच बसतोय. तरी मेला वाळून गेलाय, ते येगळं."

त्यांच्या स्वयंपाकात महाग असं काहीच नव्हतं. बाजरीची भाकरी, तिळाची नाहीतर जवसाची चटणी, हुलग्याचं माडगं, ताक. मटकीला मोड आल्याशिवाय ती त्यांच्या घरी चुलीवर चढत नसे. भाजी चिरून मग धुणाऱ्या बाईला त्या तोंडावर सांगत, "चव गटारीला पाजलीस बघ." त्यांचं सगळंच बरोबर असे असं नाही. सर्दी झालेल्याला त्या वांग्याच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नसत, आणि माणसाचा कुठलाही आजार, अगदी पडून हात मोडला तरी, पोटातूनच निघाला असं त्यांचं मत होतं. औषधाच्या बाटलीवर तर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. "बाटली पावनी हाय. आज हाय, उद्या न्हाई. पावन्याच्या जिवावर संसार व्हत न्हाई. भाकरी घरची."

आमची कुसुम तेव्हा अडीच वर्षांची होती आणि अजून चालत नव्हती. उभं केलं की पाय धनुष्यासारखे वाकत. मनगटं जाड झाली होती, झोपेत डोक्याला घाम सुटे. गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मुडदूस आहे. कोवळं ऊन, दूध, सकस खाणं, आणि रोज एक चमचा माशाच्या यकृताचं तेल. "आत्ता दिलं तर पाय सरळ होतील. वेळ घालवलात तर असेच राहतील," एवढं ते स्वच्छ बोलले.

आमचं घर शाकाहारी. आई सोवळ्यातली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दूध दे, तूप दे, माझ्या बांगड्या मोड. पण माशाचं तेल या घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही." नातीवर तिचा जीव होता. ती तिला मांडीवरून खाली ठेवत नसे. पण उंबरा तो उंबरा. मी आडतीवर बसून दोन दिवस याचाच विचार केला आणि काहीच ठरवू शकलो नाही.

भिंतीपलीकडे हे सगळं गेलंच होतं. तिसऱ्या दिवशी चाची स्वतः डॉक्टरांकडे जाऊन आल्या. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनीच सांगितलं. "मी म्हनलं, डॉक्टर, भाकरीनं पाय सरळ व्हनार न्हाईत का? ते म्हनले, बाई, भाकरी पण लागंल आन बाटली पण लागंल. मी म्हनलं, मग पावनी येऊ द्या." नगरहून रसूलभाईंनी बाटली आणली. ती चाचींच्या घरात, पिठाच्या डब्याशेजारी फळीवर बसली. तीच तीन रुपये दोन आण्यांची बाटली.

मी पैसे पुढे केले तेव्हा चाचींनी हात पदराखाली घेतला. "तुमच्या हातून न्हाई घेनार."

"मग सुशीला देईल."

"तिच्या हातून बी न्हाई. ज्या पोरीनं तेल प्यायचं तिनं द्यायचे. सोताच्या पायानं माझ्या दारात यायचं आन द्यायचे. तवर तुमचा हिशेब उघडाच राहू द्या. तुमाला झोप लागनार न्हाई, पर राहू द्या."

सुशीला डोळे पुसत म्हणाली, "चाची, आणि आलीच नाही तर?"

"तर माझे पैसे बुडाले. मी बुडू देनारी बाई दिसते का तुला?"

मग रोज सकाळी सुशीला कुसुमला चाचींच्या अंगणात नेऊ लागली. आईला सांगितलं होतं की मालिशला नेतो. ते खोटं नव्हतं. चाची कोवळ्या उन्हात चटई टाकून तिळाच्या तेलानं पोरीचे पाय चोळत आणि मग फळीवरची बाटली काढत. आईची अट एकच होती: पोरीनं तिकडे काही खायचं नाही. चाची हसून म्हणाल्या, "मी कुठं खायला घालते? मी तर पाजते."

खायचं आमच्या घरी. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडून आलेली नाचणी चाचींनी मिळवली आणि सत्त्व कसं करायचं ते भिंतीवरून आईला सांगितलं: भिजवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची. भाजण्यावरून दोघींचा वाद झाला.

"काकूबाई, करपल्याचा वास येतोय हिकडं."

"तुमच्या नाकात करपलंय. मी चाळीस वर्षं भाजते आहे."

"चाळीस वर्सं करपवताय मग."

आईनं पुढच्या घाण्याला चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. दूध-गूळ घालून त्या सत्त्वाची लापशी कुसुम वाटी चाटूनपुसून खाऊ लागली.

मध्येच चाचींनी एक घोळ घातला. एका चमच्यानं गुण येतो तर दोन चमच्यांनी लवकर येईल, असं म्हणून त्यांनी आठवडाभर मात्रा दुप्पट केली. कुसुमला जुलाब लागले. डॉक्टरांनी चाचींना चार माणसांत झापलं. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या आणि घरी येऊन सुशीलेला म्हणाल्या, "भाकरी एक जास्त खाल्ली तर पोट फुगतं, एवढं मला कळतं. मग बाटलीला कसं इसरले? पावनीला दुप्पट जेवू घातलं की ती घरातल्यांवरच उलटती." पुढे चमचा भरताना त्या तो उजेडात धरून बघत.

त्या जुलाबांच्या दिवसांत कुसुमचं झबलं आईनंच धुतलं. वाळत घालताना तिनं ते नाकाशी नेलं. सुशीला दारात उभी होती. आई एवढंच म्हणाली, "या खेपेचं तिळाचं तेल फार उग्र आहे." आणि झबलं झटकून दोरीवर टाकलं.

होळीच्या सुमाराला कुसुम भिंत धरून चालू लागली. पाडव्याला भिंत सुटली. पाय अजून थोडे बाकदार होते, पण तिला पेलत होते. मी आत जाऊन पैसे काढले आणि तिच्या मुठीत देऊ लागलो.

"थांब," आई म्हणाली. "तुझे ठेव."

तिनं कनवटीतून एक पुरचुंडी काढली आणि कुसुमच्या मुठीत दिली. मी उघडून पाहिली. बरोबर तीन रुपये दोन आणे. बाटलीची किंमत आम्ही घरात कधी उच्चारली नव्हती.

"भिंत मातीची आहे," आई म्हणाली. "तिकडचं इकडे ऐकू येतं."

कुसुम निघाली. आमच्या ओट्यापासून चाचींच्या दारापर्यंत अंतर ते किती, पण मध्ये ती एकदा बसली. सुशीला पुढे धावली तसा दारातून चाचींचा आवाज आला, "कोनी हात लावू नका. पोरगी देनं द्यायला निघालीय." कुसुम आपली आपण उठली, गेली आणि पुरचुंडी चाचींच्या ओंजळीत टाकली. चाचींनी ती सोडली नाही, मोजलीही नाही. पदराला बांधली आणि आमच्या ओट्याकडे बघून विचारलं, "काकूबाई, तेल लई उग्र हुतं का?"

"होतं," आई म्हणाली. "पण पाय सरळ केले."

चाची वारल्या, त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या मागे आळीत दुपारी ताटात डोकावणारं कोणी उरलं नाही. आता सुशीलाच मधूनमधून दारं बघत जाते. कुसुम शाळेत जाते आणि पायीच जाते. पाडव्यानंतर डॉक्टरांनी आणखी एक बाटली सांगितली, ती मी माझ्या वाचलेल्या पैशांतून आणली. पडवीतल्या कोनाड्यात, देव्हाऱ्यापासून लांब, पण उंबऱ्याच्या आत. जागा आईनंच दाखवली. पहिल्या बाटलीचे तीन रुपये दोन आणे आईच्या कनवटीतून निघाले, कुसुमच्या हातून गेले आणि हमीदाचाचींना पोहोचले.