आधी शेवटचा नळ

नागसेनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सायकलच्या दांड्याला व्हॉल्व्हची लोखंडी चावी बांधलेली, मागच्या सायकलवर मी. पाणीपुरवठा खात्यात आम्ही दोघं सव्वीस वर्षं व्हॉल्व्ह उघडत होतो. एका व्हॉल्व्हला तीस-बत्तीस फेरे. बाकीचे एका दमात उघडून चहाला जात. नागसेन चार फेरे द्यायचा, गल्लीच्या टोकाला शेवटच्या घरी, इंदूबाईंच्या नळापर्यंत चालत जायचा, धार पाहून परत यायचा. मग पुढचे फेरे.

"काहून एवढे पाय झिजवतं गा?" मी विचारायचो.

"पयल्या घराले पाणी भेटतेच. शेवटचं कोण पाहीन?"

त्याची मुलगी भावना हे ऐकतच मोठी झाली. आता ती सदर भागातल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. तीन वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या वेबसाइटचं काम तिच्याकडे आलं. सकाळी आठला तपासणीचे नंबर सुटायचे आणि आठलाच साइट बंद पडायची. साहेबांनी सांगितलं, शनिवारपर्यंत नीट झालं नाही, तर काम दुसऱ्याकडे आणि तू घरी.

आम्ही दोघं तेव्हा निवृत्त झालो होतो. रविवारी तिच्या बेसा भागातल्या घरी चहा घेत होतो. तिने आम्हाला समजेल असं सांगितलं. सर्व्हरने एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, याचा एक आकडा असतो. तो दोनशे होता. लोक ओरडले म्हणून तिने चारशे केला, मग आठशे. साइट आणखी लवकर बसायला लागली. कारण नोंदी काढून देणारा डेटाबेस मागे एकच, आणि तो एका वेळी शंभराच्या आतच लोकांचं काम ओढतो. बाकीचे आत शिरून नुसती जागा अडवतात.

नागसेनने कप खाली ठेवला. "आकडा वाढवल्यावर शेवटच्या माणसाले काय दिसते, ते पाह्यलं का वं?"

"नाही, बाबा. ऑफिसातूनच पाहत होती."

"मंग फेरे कायच्या भरवशावर देऊन राहिली?"

तिने आकडा साठवर आणला. उरलेल्यांनी बाहेर रांगेत थांबायचं. दिवसाला एकच बदल, ठरलं. आणि आम्हाला काम लावलं: आमच्या वस्तीच्या टोकाच्या टपरीवर, जिथे रेंज जेमतेम येते, तिथे जुना मोबाइल घेऊन बसायचं आणि आठला नंबर मागायचा. घड्याळ माझ्याकडे.

सोमवारी, साठवर, चार मिनिटांनी नंबर आला. नागसेनने तो लगेच रद्द केला. "कोण्या आजाऱ्याचा हाये." मंगळवारी, ऐंशीवर, पन्नास सेकंद. टपरीवाल्या सिंधूताईंनी विचारलं, "दोघंबी धडधाकट दिसता, रोज दवाखाना कायले?"

"याले दाखवाचं हाये," नागसेन माझ्याकडे बोट करून म्हणाला. "डोक्याचं."

बुधवारी शंभर. सहा मिनिटं झाली, नंबर नाही. नागसेनने फोन लावला. "मागं घे वं. काल होता तेवढाच ठेव."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार आकडा ऐंशीवर ठेवला. साइट एकदाही पडली नाही. सोमवारी साहेबांनी तिला दुसऱ्या दवाखान्याचंही काम दिलं. आमच्या खात्यातही शाबासकी अशीच मिळायची.

नागसेन मागच्या थंडीत गेला. चावी भावनाकडे दाराआड उभी आहे. चावीच्या शेजारी एक जुना संगणक, आता सुरू होत नाही. ती बारावीत असताना नागसेनने अकरा महिने एकही रविवार सुट्टी घेतली नाही. त्या जादा पगारात तो संगणक आला. त्या साली इंदोरा वस्तीतल्या त्याच्या घरावरचे गळके पत्रे बदलायचे होते. ते राहिले.