हात खाली घ्या, पोरींनो

उषाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईच्या स्टँडवर बालविवाहाविरुद्धची पत्रकं वाटत होते. हातातली सगळी वाटून संपवली... दुसरं काही सुचेचना.

ताई सरकारी किशोरवयीन कार्यक्रमात समुपदेशक होत्या, कंत्राटी. सरकारी पैशानं शाळाशाळांतून एकच धडा : संयम पाळा. शेवटी हात पुढे करून शपथ, लग्नाआधी संबंध ठेवणार नाही. आपलं शरीर, आपला नकार, यावर चकार शब्द नाही. त्याविरुद्ध भांडायला मी नांदूरघाटच्या शाळेत गेले, तीच आमची पहिली भेट. पोरींचे हात पुढे झालेले. तेवढ्यात नववीतली शीतल म्हणाली, "बाई, माझं लगीन दिवाळीनंतर हाय. मंग तवरच संयम ठिवायचा का?"

पोरी खिदळल्या. ताईंचा चेहरा उतरला. "हात खाली घ्या, पोरींनो," एवढंच बोलल्या.

आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. कोयता जमावा म्हणून तोडीला निघायच्या आत कोवळ्या पोरींची लग्नं उरकतात. आणि शासन संयम कुणाला शिकवतं? त्याच पोरीला! बापाला नाही, मुकादमाला नाही, बोहल्यावर चढणाऱ्याला तर नाहीच.

संध्याकाळी ताई शीतलच्या घरी निघाल्या. मला बजावलं, "तू गप बसायचं. तुझं भाषण ऐकून माणसं च्या बी देत न्हाईत." तिच्या वडलांना म्हणाल्या, "आबा, अठरा होईस्तोवर पोरगी माझ्यापाशी. तुमी बिनघोर तोडीला जावा." आबांनी मान हलवली, "अठरापतोर लगीन न्हाई," म्हणाले. अभ्यासक्रम सोडून वागल्या म्हणून ताईंचं कंत्राट मात्र पुन्हा झालं नाही.

शीतल आता अकरावीत आहे, ताईंच्याच खोलीत राहते. ताई गेल्यावर मीही तिथं राहायला आले. गेल्या आठवड्यात आबा दारात, तिला लग्नासाठी न्यायला. "बाईच्या शब्दावर ठिवली व्हती. आता बाईच न्हाईत." मी कायदा, शिक्षा, सगळं सुरू केलं. आबा ऐकेनात. शीतल पुढं झाली. "आबा, शब्द बाईंनी एकटीनं दिलता का? तुमी बी दिलता की."

आबा पायरीवर बसले. पाणी प्यायले, आणि एकटेच गेले.

जेवताना ताई दार सताड उघडं ठेवायच्या; आलेल्या पोरीला कडी वाजवायचा धीर होत नाही, म्हणायच्या. आम्हीही तसंच ठेवतो. दोघी जेवतो. गल्लीत पावलं वाजली की, एखादी पोर आली का आबा परत आले, म्हणून दोघींचे घास थांबतात... पावलं पुढं निघून जातात. दार आम्ही लावत नाही.